विचार ना भो! : खिशात पाचशे, रविवार मोकळा, न जळगावात बघायचं काय?

पावसाळा संपून कॉलेजं रुळली की आमच्याकडे पोरांची पत्रं सुरू होतात. एरवी मूळव्याध, सातबारा न सुनेचा स्वभाव यांच्यावरच प्रश्न येतात, त्यामुळे या वेळी पिक्चर न कॉमेडीवर एकदम सहा पत्रं आली म्हटल्यावर संपादकांना विचारून अख्खी जागा त्यालाच दिली. मूळव्याधवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : दादा, मी तळोद्याकडचा. यंदा जळगावला बीएस्सीला आलोय, हॉस्टेलवर राहतो. पुण्याला गेलेले मित्र रोज स्टेटस टाकतात, आज ओपन माइक (कोणीही माइकवर जाऊन आपलं काही सादर करायचं), उद्या स्टँडअप, परवा फिल्म फेस्टिव्हल. आम्ही इथं रविवारी मेहरूण तलावावर चक्कर मारतो न परत येऊन झोपतो. जळगावात काही आहे की नाही बघायला? महिन्याचं बजेट पाचशे, त्याच्या वर नाही.

उत्तर : आहे रे भो, पण इथं ते तुझ्या मोबाइलवर आपोआप येऊन पडत नाही, दोन जणांना विचारावं लागतं, बोर्ड वाचावे लागतात, हा फरक आहे पुण्यात न जळगावात.

आधी पिक्चरचं घेऊ. मल्टिप्लेक्सचा शनिवार-रविवार संध्याकाळचा शो हा पगारवाल्यांचा शो, तुझा नाही. तुझा शो सकाळचा, नाहीतर मधल्या वारी दुपारचा, आणि त्यातही बघायचं की तिकिटाचा मूळ दर शंभराच्या आत बसतोय का, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता, न शंभराच्या वर गेलं की सरळ १८. म्हणजे मूळ दर १०० असेल तर १०५ रुपये पडतात न ११० असेल तर जवळजवळ १३०. दर दहाने वाढला, खिशातून पंचवीस गेले. बीएस्सीवाला आहेस, गणित तुला सांगायला नको.

दुसरं, तिकीट अ‍ॅपवर काढू नको, खिडकीवर जाऊन काढ. अ‍ॅपवर प्रत्येक तिकिटामागे वरचे पैसे लागतात, पाच जण असाल तर एकाचं तिकीट त्यातच जातं. ते पैसे घेणं बेकायदा आहे असं कोणीतरी छातीठोक सांगतंच, पण राज्य सरकारचे ते बंद करणारे जुने आदेश मुंबई हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये रद्द केलेत, तेव्हा तिथं वाद घालण्यात अर्थ नाही, पायी खिडकीवर जा. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं का नाही हा थिएटरवाल्याचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये म्हटलंय, पण प्यायचं पाणी त्याला फुकट द्यावं लागतं हेही तेव्हाच स्पष्ट झालंय. म्हणून पाण्याची बाटली विकत घेण्याआधी 'पिण्याचं पाणी कुठंय' एवढं विचारायला लाजू नको. पोटाचं म्हणशील तर शेवभाजी खाऊन जा, ती तीन तास टिकते, पॉपकॉर्न इंटरव्हलपर्यंतही टिकत नाही. आणि एखाद्या वर्षी एक दिवस राष्ट्रीय सिनेमा दिन ठेवतात, २०२२ ला ७५ रुपयांत तिकीट होतं, २०२३ न २०२४ ला ९९ मध्ये. तारीख ठरलेली नसते, तिन्ही वेळा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला होता, त्या दिवसांत बातम्यांवर लक्ष ठेव.

मराठी पिक्चर बघायचा असेल तर पहिल्या आठवड्यातच बघ. दुसऱ्या आठवड्यात त्याला दिवसाला एकच शो उरतो न तोही अशा वेळी की कॉलेजवाला जाऊ शकत नाही न नोकरीवालाही. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, एकदा आम्ही चौघं लांबून रिक्षा करून गेलो तर तिथला माणूस म्हणे चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल, पैसे परत घ्या. तिकिटाचे पैसे मिळाले, रिक्षाचे कोण देणार? तेव्हापासून मी निघायच्या आधी फोन करून विचारतो, शो होणार आहे ना भाऊ.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या पुण्याच्या मित्रांनाही इतकी स्वस्तात मिळणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्य स्पर्धा असते, तिच्या प्राथमिक फेरीचं जळगाव हे केंद्र आहे. तिकीट चहा-वड्याच्या पैशात. ओळीनं रोज एक नाटक, इथल्याच शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, तुझ्यासारख्या पोरांनी बसवलेलं. सगळी चांगली नसतात हे आधीच सांगतो. एखादं इतकं गंभीर असतं की प्रेक्षक घड्याळ बघतात, न एखाद्यात नट वाक्य विसरतो न समोरचा त्याला असा सांभाळून घेतो की तेवढ्यासाठी पैसे वसूल. महाबळचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह न कांताई सभागृह ही दोन नावं डोक्यात ठेव न जाता-येता बाहेरचे बोर्ड वाचत जा, अर्धे कार्यक्रम तर फुकटच असतात. जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तो कॉमेडी नाही, पण थंडीत शाल गुंडाळून गाणं ऐकणं हे एकदा करून बघ. स्वेटर घेऊन जा, मागे आम्ही खुल्या नाट्यगृहात कुडकुडत बसलो होतो.

आणि विद्यापीठाचा युवारंग, म्हणजे युवक महोत्सव. तुझं कॉलेज बहिणाबाई चौधरी विद्यापीठाखालीच असणार, जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांची पोरं त्यात उतरतात न मिमिक्री, मूकनाट्य, विडंबननाट्य असं सगळं असतं. तुझ्या मित्रांनी स्टेटसला टाकलेलं स्टँडअप एका माणसाचं, इथं एका दिवसात वीस कॉलेजं एकमेकांवर चढाओढीनं हसवतात. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात जाऊन नुसतं विचार की सर यंदा कुठं आहे, आणि बघायला येऊ का.

प्रश्न : दादा, मी भुसावळहून जळगावला अप-डाऊन करते. घरी आठच्या आत यावं लागतं. मैत्रिणी नाटकाला, कॉमेडी शोला चल म्हणतात पण सगळं रात्री साडेआठ-नऊलाच सुरू होतं. मुलींनी बघायचंच नाही का काही?

उत्तर : ताई, तुझा राग बरोबर आहे. नाटकवाले रात्री साडेनऊचा प्रयोग लावतात न मग म्हणतात तरुण प्रेक्षक येत नाही, विशेषतः मुली येत नाहीत. येणार कशा, उडत?

मीही भुसावळचाच अप-डाऊनवाला होतो. एका नाटकाला गेलो, दुसरा अंक रंगात आला न मी शेवटच्या गाडीसाठी पायऱ्या उतरत पळालो. त्या बाईनं त्या माणसाला माफ केलं की नाही हे मला पुढे वर्षभर माहीत नव्हतं, मग कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी नाटकवाला बसला होता त्याला विचारलं. (केलं होतं.) असं अर्धवट बघण्यापेक्षा दुपारचं बघावं हे तेव्हा कळलं.

तर तुझ्यासाठी दुपारचे बाराच्या आसपासचे पिक्चरचे शो, ते संपून चार-साडेचारची गाडी आरामात मिळते. स्पर्धांमधल्या एकांकिका दिवसभर चालू असतात, सकाळी दहाला बस न चारला उठ, कोणी अडवत नाही. गाडी चुकलीच तर घाबरायचं नाही, एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मंच आहे, जळगाव-भुसावळ पंचवीसएक किलोमीटर. रात्रीचा शो बघायचाच असेल तर तो वर्षातून एखादाच ठरव, जळगावातल्या मैत्रिणीकडे मुक्काम कर, न घरी आधीच सांग, मैत्रिणीच्या आईचा नंबर देऊन. खोटं बोलून जाऊ नको एवढंच म्हणतो, पकडलं गेलं की पुढची दोन वर्षं दुपारचे शोही बंद होतात. आणि कॉमेडी शो ठरवणाऱ्यांना माझ्याकडून निरोप, रविवारी दुपारी चारला एक प्रयोग लावून बघा, हॉल भरला नाही तर मला शिव्या घाला.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, बारावीला. ए सर्टिफिकेटवाला पिक्चर बघायला सोडतील का? दाढी आहे मला.

उत्तर : दाढी आधार कार्डावर चालत नाही रे. ए म्हणजे अठरा पूर्ण, दारावरच्या माणसानं थांबवलं तर तो बरोबर आहे. यूए मध्ये आता ७+, १३+, १६+ असे तीन प्रकार झालेत, ते घरच्यांनी ठरवायला असतात, त्यासाठी तुला कोणी अडवणार नाही. स्टँडअपच्या जाहिरातीवरही १८+ लिहिलेलं असतं, तेही वाचत जा. बारावी कर आधी.

प्रश्न : मी अमळनेरचा. मित्रांत बसलो की अहिराणीत असं काही बोलतो की पोरं लोळतात. पण कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर प्रमाण मराठीत केलं तर एकही हसला नाही, पुढच्या रांगेतले सर तर मोबाइल बघत होते. स्टँडअप करायचंय. अहिराणीत केलं तर लोक गावठी म्हणतील का? आणि जळगावात ओपन माइक होत नाही तर करायचं कुठं?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टेजवर चढल्यावर तू तुझं बोलणं बदललंस, म्हणून हसले नाहीत. मित्रांना जो माणूस आवडतो तो स्टेजवर आलाच नाही, त्याच्या जागी वक्तृत्व स्पर्धेतला कोणीतरी आला.

गावठी म्हणतील का? म्हणतील. मग काय करायचं त्याचं? मालेगावला नासिर शेख म्हणून माणूस, व्हिडिओ पार्लर चालवायचा, त्यानं २००० च्या सुमारास शोलेची नक्कल काढली, 'मालेगाव के शोले'. डाकूंना घोडे कुठून आणणार, म्हणून सायकली दिल्या. गब्बरची टोळी सायकलवर! ट्रॉली नाही तर कॅमेरा सायकलवर धरायचा, क्रेन नाही तर बैलगाडी वापरायची, अशी ती सगळी मालेगावची पद्धत. पुढे त्या लोकांवर डॉक्युमेंटरी झाली न २०२५ मध्ये रीमा कागतींचा हिंदी पिक्चर थिएटरला लागला. न त्याच मालेगावच्या छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी बघितले, ती हिंदी काय दिल्लीची आहे? आपलीच आहे, खान्देशी सूर घातलेली. मुंबईचा एखादा कॉमेडियन 'गाववाला' दाखवायला आपल्यासारखं बोलतो तेव्हा हॉल हसतो, मंग ते बोलणं ज्याचं आहे त्यानंच केलं तर बिघडलं कुठं. मला तर त्या नकलेचा वैतागच येतो, सगळ्या गावांना एकच हेल लावतात, साक्रीचं न रावेरचं बोलणं वेगळं हे त्यांच्या गावीही नसतं.

पण एक सांभाळ. जळगावात हॉलमध्ये बसलेले सगळे अहिराणीवाले नसतात. भुसावळ-यावल-रावेरकडचे लेवा गणबोली बोलतात, अक्कलकुव्याकडची पोरं घरी भिली न पावरी बोलतात, कोणी हिंदी-उर्दूवाला असतो. पूर्ण सात मिनिटं ठेवणीतली अहिराणी लावलीस तर निम्मे हसतील न निम्मे हसणाऱ्यांकडे बघतील. म्हणून गोष्ट सांग साध्या बोलीतल्या मराठीत, पण गोष्टीतली माणसं बोलतील ती अहिराणीत. हॉस्टेलवरच्या पोराला मायचा फोन येतो, पहिला प्रश्न 'जेवना का?', दुसरा प्रश्न 'काय जेवना?', न तिसऱ्या वेळी नापास झाल्याचं सांगितलं तरी पलीकडून आधी 'जेवना का?' हे अख्ख्या हॉलला कळतं, रावेरवाल्यालाही, कारण फोन सगळ्यांनाच आलेला असतो. मी काही कॉमेडियन नाही, नमुना म्हणून दिलं, तू यापेक्षा चांगलं लिहिशील.

आणि हे काही आपल्याकडे नवीन आलेलं नाही. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी असते ना, सोंगाड्या न त्याचा जोडीदार समोरासमोर उभं राहून नुसत्या बोलण्यावर फड हसवतात, मध्येच पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्या पाटलाला ओढतात, त्यालाच आता क्राउड वर्क म्हणतात न तिकीट पाचशे असतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, लोक घोडे बघायला जातात, तू तमाशाच्या तंबूत जा न वही घेऊन बस. सोंगाड्या कुठं थांबतो ते बघ. हशा पूर्ण उतरायच्या आत पुढचं वाक्य टाकत नाही न पूर्ण उतरूही देत नाही, ते मोजमाप पुस्तकात सापडत नाही. नाहीतर हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तिथं बघ, वांगी काड्यांवर भाजताना एक तरी काका असा असतो की वांगी जळली तरी कोणी उठत नाही. कोणाचं लग्न कसं मोडलं हे तो वीस मिनिटं सांगतो, न मोडलेल्या लग्नातला नवरदेव तिथंच बसलेला असतो न तोच सगळ्यात जास्त हसतो.

आता कुठं करायचं. पहिलं दार युवारंगचं. मिमिक्री एकट्याची असते, वेळ पाच मिनिटं. विडंबननाट्याला सहा जण न दहा मिनिटं. वेळ पाळायची सवय लागते तिथं, ओपन माइकलाही साधारण पाचच मिनिटं देतात. दुसरं, तुम्हीच सुरू करा ना. कॉलेजजवळच्या एखाद्या कॅफेवाल्याला भेट, मधल्या वारी दुपारी तीन ते पाच त्याच्याकडे माशा असतात, त्याला सांग पंचवीस पोरं आणतो, चहा-सँडविचचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे, आम्हाला एक माइक न एक स्पीकर दे. आठ जणांनी पाच-पाच मिनिटं करायचं, मध्ये एकानं नुसती कविता म्हटली तरी चालेल. पहिल्या खेपेला तिकीट लावू नका. पुढे तिकीट लावून मोठा हॉल घ्यायचा झाला तर परवानग्यांचं हॉलवाल्याला न पोलीस ठाण्यात आधी विचारा, नाटक असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर बंद, हे तर गणपतीपासून तुला माहीतच असेल.

स्वतःचं मोबाइलवर रेकॉर्ड कर न घरी ऐक, ऐकवत नाही, तरी ऐक. जिथं हसले नाहीत ते वाक्य काढून टाक, कितीही आवडतं असलं तरी. जातीवरून, कोणाच्या अंगावरून, कॉलेजातल्या एका मुलीचं नाव घेऊन हशा मिळतो, पण तो तुझा हशा नसतो, न आपलं गाव लहान आहे, संध्याकाळपर्यंत तिच्या भावाला कळतं. पहिल्या चार वेळा पडशील. भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनेलवाल्यांनी २०१६ ला सुरुवात केली, आज त्यांच्या मराठी स्टँडअपला लोक तिकीट काढून जातात, पण तिथं पोचलेला प्रत्येक जण आधी कुठल्यातरी कॅफेत सात माणसांसमोर पडलेलाच असतो. तुझ्या त्या मोबाइल बघणाऱ्या सरांवर पहिली पाच मिनिटं लिही, नाव न घेता.

प्रश्न : मी चोपड्याहून लिहितोय. मुलगा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. महिन्याला बाराशे-पंधराशे रुपये पिक्चर न मौजमजेत घालवतो. हे वय अभ्यासाचं आहे की नाही? त्याला दोन शब्द सुनवा.

उत्तर : भाऊ, दोन शब्द सुनवतो पण एक तुम्हालाही. दुपारच्या दोन पिक्चरचे अडीचशे-तीनशे, एखादं नाटक, रिक्षा, असं सगळं धरून पाचशेत महिना निघतो, वर पहिल्या पोराचं बजेटही तेवढंच आहे. उरलेले सातशे-हजार पॉपकॉर्न, कोल्ड्रिंक न रात्रीच्या बिर्याणीत जातात. तेव्हा पिक्चर बंद करू नका, पाचशे ठरवून द्या न हिशोब विचारू नका. तुम्ही त्याच्या वयाचे होता तेव्हा चोपड्याच्या टॉकीजमध्ये किती वेळा मागच्या बाकावर बसला होता ते मला माहीत नाही, तुमच्या मित्रांना विचारलं तर कळेल. पोराला एकच शब्द : एटीकेटी लागली तर पाचशेही जातील.

प्रश्न : आम्ही धुळ्याचे. कॉलेजात फिल्म क्लब सुरू करायचाय, दर शनिवारी एक पिक्चर. प्राचार्य म्हणतात कॉपीराइटची केस होईल. खरं का?

उत्तर : प्राचार्यांची भीती अगदीच उगीच नाही, पण कायद्यात तुमच्यासाठी जागा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, त्यात शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून पिक्चर दाखवायला सूट आहे, मात्र प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक न संस्थेशी संबंधित माणसंच. म्हणजे गेटवर तिकीट लावून गावाला बोलावू नका, फेसबुकवर 'सर्वांना खुले' असं टाकू नका. ओटीटीचं खातं लावून दाखवायचं म्हणत असाल तर त्यांच्या अटी वैयक्तिक वापराच्या असतात, त्यापेक्षा डीव्हीडी घ्या नाहीतर पिक्चर काढणाऱ्यालाच मेल टाकून विचारा, लहान पिक्चरवाले कॉलेजला आनंदानं देतात न कधी कधी बोलायलाही येतात. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया म्हणून संघटना आहे, १९५९ ची, पहिले अध्यक्ष सत्यजित राय, ते लोक कॉलेजच्या क्लबांनाही सामावून घेतात, त्यांना लिहा.

जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, दहा जणांची टोळी करून दोन दिवस जाऊन या, दिवसाला चार-पाच पिक्चर बघून डोळे लाल होतात पण परतीच्या एसटीत जे भांडण होतं ना, कुठला चांगला न कुठला बंडल, तोच खरा फिल्म क्लब. पिक्चर झाल्यावर दहा मिनिटं तरी बोला, आणि बोलायला सरांना आधी उभं करू नका, ते थांबत नाहीत, मग पोरं पुढच्या शनिवारी येत नाहीत.

मोठा हॉल लागत नाही, खिडक्यांना काळे पडदे न एक प्रोजेक्टर पुरे. पडदा म्हणून चादर लावणार असाल तर इस्त्री करून लावा. आम्ही एकदा इस्त्री न करता लावली होती न अख्खा पिक्चर हिरोइनच्या नाकावर घडी होती, शेवटी ती रडते तेव्हा सगळा वर्ग हसला.